उरलेलं ऐकणं मोलाचं आहे

ती. मावशीस,


डॉक्टरांनी उजव्या कानात कॉक्लियर इम्प्लान्ट सुचवलं आणि तू मला फोनवर एवढंच विचारलंस, "माझा तानपुरा जाईल का गं?" रोज लोकांचे कान तपासणाऱ्या भाचीला याचं उत्तर घाईत देता येईना, म्हणून हे पत्र.

तुझा श्रवणालेख मी पाहिला. ५०० हर्ट्झपर्यंतचे खालचे आवाज थोडे मोठे केले की तुला अजून छान पोचतात. १५०० च्या पुढे मात्र जवळजवळ काही उरलेलं नाही. तुझ्या काळी चारचा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झचा आणि तार षड्ज ४१५ चा. म्हणजे अख्खं मध्य सप्तक तुझ्या उरलेल्या ऐकण्यात बसतं. 'स'सारखी व्यंजनं मात्र बरीच वर, काही हजार हर्ट्झवर असतात. त्यामुळे शिष्येचा स्वर जरा उतरला तरी तुला कळतं, पण ती 'सात' म्हणाली की 'हात', ते कळत नाही. घरातले म्हणतात, मावशीला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. त्यांना हा आलेख दाखव. श्रवणयंत्राचा आवाज कितीही वाढवला तरी जिथल्या पेशीच गेल्या आहेत, तिथे त्याचा फारसा उपयोग होत नाही.

अंतर्कर्णातली कॉक्लिया शंखासारखी अडीच वेढ्यांची असते. पेटीच्या पट्ट्या गुंडाळून ठेवाव्यात तशी तिच्यात स्वरांची जागा ठरलेली असते: उंच स्वर दाराशी, खालचे स्वर आत शेवटच्या वेढ्यात. तुझी हानी दाराजवळ आहे आणि शाबूत भाग खोल आत. श्रवणतंतूंना वीज देणारी इम्प्लान्टची तार दारातूनच आत जाते. मग ती बिघडलेल्या भागापुरतीच सरकवली आणि आतल्या पेशींना धक्का लावला नाही तर? १९९९ मध्ये फ्रँकफर्टच्या क्रिस्टोफ फॉन इल्बर्ग यांनी नेमकं हे मांडलं. त्याच सुमारास अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या ब्रूस गँट्झ यांनी अवघ्या ६ मिलिमीटरच्या आखूड तारेपासून सुरुवात केली. आज असं यंत्र कानामागे बसतं. खालचे आवाज ते मोठे करून कानाच्या नळीत सोडतं, तर वरचे आवाज विजेच्या स्पंदनांनी थेट श्रवणतंतूंना देतं. एकाच कानात दोन्ही.

हे जोडकाम का करायचं, तेही सांगते. आपल्या कानात मेंदूकडे खबर नेणाऱ्या पेशी सुमारे ३,५०० असतात. इम्प्लान्टच्या तारेवर इलेक्ट्रोड फार तर दीड-दोन डझन. शांत खोलीत शब्द समजायला तेवढे पुरतात, स्वराची उंची ओळखायला पुरत नाहीत. नुसत्या विजेवर ऐकणाऱ्या अनेकांना ओळखीची चालही ओळखता येत नाही. गोंगाटातही तीच अडचण, कारण दोघे एकदम बोलताना आपण एकाचा आवाज धरतो तो बहुतेक त्याच्या स्वरावरून. तिथे उरलेलं थोडंसं नैसर्गिक ऐकणं कामी येतं. शब्दाच्या कडा वीज देते, स्वर तुझा कान देतो.

आता धोका. तो तुझ्यापासून लपवणार नाही. अशा एका यंत्राला अमेरिकेत २०१४ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा चाचणीतल्या ५० जणांपैकी बहुसंख्यांचं बोलणं समजणं सुधारलं होतं. पण २२ जणांचं त्या कानातलं खालचं ऐकणं जवळजवळ किंवा पूर्ण गेलं होतं. कधी ते शस्त्रक्रियेनंतर लगेच जातं, कधी काही महिन्यांनी. म्हणून सर्जनना नीट विचार: तार किती लांबीची? ती हळू आणि मऊपणे घालणार ना? स्टेरॉइड देणार का? यापूर्वीच्या त्यांच्या रुग्णांचं खालचं ऐकणं किती टिकलं? आणि ते गेलंच, तर त्याच तारेवर खालचे आवाजही देता येतील का? फार आखूड तारेला हे जमत नाही, पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. लांब तारेत ती सोय असते, पण आतल्या पेशींना धोका थोडा वाढतो. त्यामुळे लांबीचा निर्णय तुझ्यासमोर, तुला विचारून व्हायला हवा.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर डाव्या कानात आहे. त्याला कुणी हात लावणार नाही. तिथे श्रवणयंत्र चालू ठेवायचं. उजवीकडचं खालचं ऐकणं गेलं तरी डाव्या कानातला षड्ज राहील आणि उजवीकडून येणाऱ्या शब्दांना तो आधार देईल. दोन कानांची अशी जोडी हजारो लोक रोज वापरतात. तानपुऱ्याच्या जवारीची झळाळी मात्र पूर्वीसारखी परत येईल असं वचन देत नाही. ती वरच्या स्वरांशांत असते आणि विजेतून वेगळीच ऐकू येईल.

सुरुवातीला 'स' धातूवर घासल्यासारखा वाटेल. मेंदूला दोन्ही आवाज एकत्र बांधायला महिने लागतात आणि रोजचा रियाज लागतो. रियाज तुला कुणी शिकवायला नको.

माझं मत विचारशील, तर शस्त्रक्रिया करून घे. पण "तसंही फारसं ऐकू येत नाही" म्हणून तुझं उरलेलं ऐकणं कुणी हिशेबाबाहेर ठेवत असेल, तर तिथे होकार देऊ नकोस, दुसरा सल्ला घे. शिष्यांचा स्वर तू अजून धरतेस. त्यांचे शब्दही तुला मिळावेत, एवढंच मला हवं आहे. तपासणीला मी सोबत येईन, हे प्रश्न आपण दोघी मिळून विचारू.

तुझी,
भाची