आधी पंप, मग मैदान

दमेकऱ्याने पंपाच्या नादी लागू नये, पळून छाती मोकळी करावी, असं मी बीडच्या मैदानांवर नोकरीभर सांगत आलो. पी.टी.चा सर होतो, त्यात स्वतः दमेकरी, त्यामुळे लोकांना ते पटायचंही. व्यायामावरचा माझा विश्वास आजही तसूभर कमी झालेला नाही. बदललं आहे ते औषधाबद्दलचं मत, आणि त्याला माझ्या दम्यापेक्षा माझं घोरणं जास्त कारणीभूत ठरलं.

जुनं मत काही आकाशातून पडलेलं नव्हतं. आमच्याकडे दमा हा चारचौघांत सांगायचा आजार नाही, मुलीचा तर नाहीच. पाहुणे बघायला येणार असले की पंप आधी कपाटात जातो. ‘एकदा लागला की सुटत नाही’ हे घरोघरी ऐकायला मिळतं. त्यापेक्षा कोजागरीच्या चांदण्यातली औषधी खीर बरी, नाहीतर मृगाला हैदराबाद. वडिलांनी मला परळीहून रेल्वेने तिकडे नेलं होतं. बत्तिनी कुटुंबातली माणसं जिवंत मरळीच्या पिल्लाच्या तोंडात पिवळं औषध भरतात आणि ते पिल्लू रुग्णाच्या घशाखाली सोडतात. ते वळवळत आत गेलेलं आठवलं की अजून अंगावर काटा येतो. दमा मात्र होता तिथेच राहिला.

मग मी धावायला लागलो. पहिल्या दोन फेऱ्यांत छाती आवळायची, शीळ वाजायची. नेट लावला की तिसऱ्या-चौथ्या फेरीला मोकळं वाटायचं. याला मी जिद्द म्हणायचो. त्यामागचं शरीरशास्त्र फार पुढे कळलं. श्वासनलिका एकदा आवळून सुटल्या की पुढचा तास-दोन तास अनेकांच्या नलिका पुन्हा तेवढ्या आवळत नाहीत. म्हणून तर सावकाश अंग तापवून सुरुवात करणाऱ्याला पुढची धाव सोपी जाते. माझ्या अनुभवात तथ्य होतं, त्यावरून मी काढलेला निष्कर्ष फक्त जिद्दीचा होता.

उलटा पुरावाही डोळ्यांसमोरच होता. तालुका स्पर्धांत एखादं पोरगं शर्यत नीट पुरी करायचं, शाबासकी घ्यायचं आणि पाच-दहा मिनिटांनी लिंबाखाली वाकून खोकायला लागायचं. आम्ही म्हणायचो, तापल्या अंगाने गार पाणी प्यायलं असेल. खरं तर व्यायामाने उठणारा दमा बहुतेकदा धावताना कमी आणि थांबल्यावर जास्त त्रास देतो. जोरात धावताना माणूस तोंडाने भराभर हवा ओढतो. ती कोरडी हवा नलिकांचं ओलं अस्तर सुकवते आणि नलिका आवळतात. मैदानावर जे टिकले ते माझा पुरावा झाले. जे यायचे थांबले त्यांना आम्ही अंगचोर ठरवून मोकळे झालो.

पन्नाशीनंतर वजन वाढलं, मान जाड झाली आणि घोरणं शेजारच्या खोलीत ऐकू जायला लागलं. घोरणारा माणूस गाढ झोपतो, अशी माझी समजूत. सकाळी डोकं जड, दुपारी खुर्चीत पेंग, बीपी दोन गोळ्यांनाही ऐकेना. उपाय म्हणून मी पहाटेच्या फेऱ्या वाढवल्या. शेवटी हिनेच एक दिवस मोबाइल पुढे केला. “अहो, हे बघा. तुम्ही मधेच श्वासच घेत नाही.” व्हिडिओत माझं पोट वरखाली होत होतं, पण घोरण्याचा आवाज पार बंद. मग एकदम हबकून घेतलेला श्वास, कूस, आणि पुन्हा घोरणं.

छत्रपती संभाजीनगरला झोपेची तपासणी झाली. तासाला पाच ते पंधरा वेळा श्वास अडकला तर आजार सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, त्यापुढे तीव्र. माझा आकडा तीव्रमध्ये बसत होता. कागद बघून डॉक्टर म्हणाले, “सर, रात्री अशी झोप, आणि पहाटे पाचला पळता? कुणाच्या भरवशावर?”

त्यांनी समजावलं ते असं. श्वास अडकला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा करतो, हृदय धावतं, रक्तदाब चढतो. हे रात्रभर. त्या शरीराला पहाटे पुन्हा जोरात पळवायचं म्हणजे दुहेरी ओझं. त्यात दमा आणि झोपेत श्वास अडकणं हे दोन्ही आजार एकमेकांना खतपाणी घालतात. चोंदलेलं नाक झोपेतला अडथळा वाढवतं, रात्री वर येणारं आम्ल श्वासनलिकांना चिडवतं.

मला सगळ्यात लागलं ते स्टेरॉइडचं गणित. पंपातल्या स्टेरॉइडला घाबरून मी पंप टाळत होतो आणि दम लागला की मेडिकलवरून स्टेरॉइडचीच गोळी आणत होतो. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीतली मिलिग्रॅममध्ये, आणि एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, गोळी रक्तातून सगळ्या अंगात फिरते. वारंवार घेतली तर वजन वाढवते, आणि वजनाने झोपेतला श्वास आणखी अडकतो. निळा पंप तेवढ्यापुरती नळी उघडतो, आतली सूज तशीच राहते. म्हणून २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असं सांगतात. सूज उतरवणारा पंप डॉक्टरांनी सांगितला तसा नियमित घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची.

झोपेसाठी सीपॅप नावाचं यंत्र आलं. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. मास्कमधून येणारा हवेचा दाब घसा मिटू देत नाही. मास्कची सवय व्हायला वेळ लागला. नातू मला वैमानिक म्हणतो. विजेचा भरवसा नाही, म्हणून यंत्रासोबत इन्व्हर्टरही घेतला. व्यायामाने हा आजार काहीसा कमी होतो, वजन फारसं न उतरताही होतो, असं अभ्यास सांगतात. पण मास्कची जागा व्यायाम घेत नाही.

आता माझा शिरस्ता असा. झोप मोडली असेल तर त्या दिवशी नुसतं चालणं. सकाळी पीक फ्लो मीटरमध्ये फुंकायचं. माझ्या सर्वोत्तम आकड्याच्या ऐंशी टक्क्यांखाली आलं तर जोर करायचा नाही, पन्नासच्या खाली आलं तर निळा पंप आणि थेट दवाखाना. व्यायामाआधी पंधरा मिनिटं डॉक्टरांनी सांगितलेला पंप, मग दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालून अंग तापवणं, शेवटी एकदम न थांबता चालत चालत उतरणं. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधडलं की तिथेच थांबायचं. जोरजोरात कपालभाती, भस्त्रिका मी सोडली, कारण भराभर श्वासानेही नलिका आवळू शकतात.

जागा आणि वेळ निवडणं हेही औषधच. सोयाबीन-तुरीच्या मळणीचं भुसकट उडत असताना शिवारातली वाट नको. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांचा रस्ता नको, परळीकडे राख वाहणाऱ्या हायवा ट्रकांचा तर नकोच. थंडीत पहाटेऐवजी ऊन पडल्यावर निघायचं, नाकावर उपरणं घ्यायचं.

पंपाने खेळाडू कच्चा होतो म्हणणाऱ्यांसाठी एकच नाव. पॉला रॅडक्लिफला दमा होता आणि २००३ मध्ये लंडनला तिने २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन जिंकून महिलांचा जागतिक विक्रम केला. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल ठरलेल्या मर्यादेत घ्यायला उत्तेजकविरोधी नियमांचीही परवानगी आहे.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावला. त्याच्याकडे बघून, आणि पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी, जिल्ह्यातली पोरं पहाटे रस्त्यावर असतात. त्यांच्यात दमेकरी असणारच, आणि ते सांगणार नाहीत. म्हणून मैदानावरच्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती: थांबल्यावर खोकणाऱ्या पोराला घरी बसवू नका आणि पळवतही राहू नका. पालकांना बोलवा, तपासणीला पाठवा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. आणि त्याचा पंप शाळेच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवू नका, त्याच्या खिशात असू द्या.