शेजारचा वाचतोय म्हणून

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणारी मुलं महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची मिळवतात. इअरफोन लावून त्यांतले बरेच जण यूट्यूबवरची लेक्चर्सच पाहतात. ती गावीही पाहता आली असती. पण शेजारचा वाचतोय हे दिसल्यावर जमणारी बैठक मोबाइल देत नाही.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली, अभ्यासिका ओस पडल्या. शाळाही बंद होऊन फोनवर गेली आणि फोन नसलेलं मूल वर्गाबाहेर राहिलं. हा अन्यायच होता.

टाळेबंदीच्या आधीच परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी क्यूआर कोड पुस्तकातच आणले होते. २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. आता बालभारतीच्या पुस्तकांवरही कोड असतात. मात्र घरात फोन एकच असेल, तर कोडमागचा धडा वडील कामावरून परतल्यावरच उघडतो.