तीन बोटे

तिखटाच्या बाबतीत आम्ही सोलापूरकर फारसे विनयशील नाही. कडक भाकरी आणि उखळात कुटलेली शेंगांची चटणी पुढ्यात आली, की परगावचा पाहुणा पाण्याच्या तांब्याकडे केव्हा हात नेतो, तिकडे आमचे डोळे लागलेले असतात. त्याने तांब्या उचलला, की उगाचच एखादी लढाई जिंकल्यासारखे वाटते. या बढाईचा एक उपयोग मात्र मला अलीकडे कळला. जिथे जीभ जन्मापासून तिखटाला सरावलेली असते, तिथे एखाद्याने ‘आज चटणी नको’ म्हटले, तर ती लहान गोष्ट नसते.

माझ्या शेजारी एक अण्णा राहतात. त्यांची हयात चादरीच्या मागावर गेली. तरुणपणी तंबाखू खात. पुढे पंढरीची माळ घातली आणि तंबाखू सुटली. तोंडाला चाळा म्हणून सुपारी तेवढी राहिली. मी कधी बोललो, तर म्हणत, “सुपारीनं काय होतंय, गुरुजी? देवाला चालते की!” यावर मी काय बोलणार? पूजेत गणपती म्हणून सुपारी मांडायची, लग्न ठरले की सुपारी फोडायची, विडा तर तिच्यावाचून पुरा होत नाही. जी वस्तू देव्हाऱ्यात बसते, ती गालात बसून घात करील, असे कोणाच्या मनात यावे?

मग एका वर्षी अण्णा चटणी टाळू लागले. “झोंबते हो. वय झालं,” म्हणाले. पुढे भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. नातवाला शीळ घालून बोलावणारे अण्णा टाळी वाजवून बोलावू लागले. घरात या तीन गोष्टींचा संबंध कोणी एकमेकींशी जोडला नाही. तो डॉक्टरांनी जोडला. त्यांनी अण्णांना स्वतःचीच तीन बोटे एकावर एक धरून दातांमधून आत घालायला सांगितली. निरोगी माणसाची तिन्ही सहज मावतात. अण्णांची दोनही मावेनात.

या दुखण्याला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणतात. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात ते पाहून नोंदवले आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्याकडील रोग्यांवर लिहिले. आपली माणसे समुद्रापार गेली, तिथे पानसुपारीही गेली आणि तिच्यामागोमाग हे दुखणेही गेले.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. डॉक्टरांचे सांगणे मला समजले ते मागाच्या भाषेत. गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली कोलॅजन नावाच्या धाग्यांचे विणकाम असते. जुना धागा उसवायचा, नवा घालायचा, हे काम शरीर गुपचूप करीत असते. सुपारीतले अरेकोलिन नवे धागे जास्तच काढायला लावते. तिच्यातला तुरटपणा जुने धागे उसवू देत नाही. तिच्यातले तांबे धाग्याला धागा जखडण्याच्या कामाला जोर देते. असे कापड दिवसेंदिवस घट्ट होत जाते, ताण घेईनासे होते. गाल पांढुरका पडतो, आतून दोरीसारखे पट्टे बोटाला लागतात. आणि या साऱ्याला तंबाखूची गरजच पडत नाही! नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्पष्ट नमूद आहे.

तोंड मिटत जाणे ही या गोष्टीची अर्धी बाजू. खालचे विणकाम घट्ट होते, तसे तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि वरचे अस्तर विरत जाते. रोजचे विष त्या विरलेल्या जागेतून खोल पोचते आणि एखादी पेशी शिस्त सोडून वाढू लागते. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. पेमास्टर यांनी १९५६ मध्येच हे दाखवून दिले होते. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रोग्यांवर १७ वर्षे नजर ठेवली गेली. त्यांतल्या पाचांना कर्करोग झाला. म्हणजे बहुतेकांना होत नाही. पण कोणाला होईल, हे आधी सांगता येत नाही.

अण्णांना झाला. शेवटच्या दाढेमागे एक लहानसा व्रण होता. तो दुखत नव्हता आणि तोंडच उघडत नसल्यामुळे कोणाला दिसलाही नाही. पहिला रोग दार लावून घेतो आणि दुसरा त्या बंद दारामागे वाढतो, हे मला सर्वांत भयंकर वाटले. शस्त्रक्रिया झाली, जबड्याचा काही भाग गेला, अण्णा वाचले. आता ते पेज घेतात. भजनाला अजून येतात. टाळ धरतात, अभंग मात्र इतरांनी म्हणायचा.

दार आधी ठोठावता येते, हे आमच्याच जिल्ह्याने दाखवले आहे. १९८७ साली बार्शीला देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते रोगी येण्याची वाट पाहत बसले नाहीत. गावोगाव जाऊन न बरी होणारी जखम, गाठ यांची चौकशी करू लागले.

माझी धास्ती वेगळी आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली. तरी मुलांच्या दप्तरांत पुड्या सापडतात, आणि ‘नुसती सुपारी आहे, सर,’ हे उत्तर तयार असते. म्हणून मी वर्गात तीन बोटांची परीक्षा घेतो. मुले हसतात, एकमेकांच्या तोंडात डोकावतात. गेल्या वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. त्याची दोनच बोटे गेली. त्याला नि त्याच्या वडिलांना घेऊन मी दवाखान्यात गेलो. आखडलेला गाल पूर्ववत होईल, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. पण सुपारी आज सुटली, तर पुढचे आखडणे थांबू शकते, धोका घटतो, मात्र तपासणी कित्येक वर्षे चालू ठेवावी लागेल, असे म्हणाले. त्याची सुपारी सुटली आहे. दर महिन्याला तो मला बोटे दाखवून जातो.

फराळाच्या ताटाभोवती सारे घर गोळा होते, असे दिवस वर्षातून थोडेच. लाडू कोण मोडून मोडून खातो, चिवडा कोणाला झोंबतो, हे तेव्हा सहज दिसते. चेष्टा करू नका, जवळ बसून विचारा. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण असेल, तर पाडव्याची वाट पाहू नका. आणि पूजेची सुपारी पूजेतच राहू द्या. तिथे ती शोभते.