करारात राहिलेली ओळ

मी बर्लिनला ओ-पेअर म्हणून, म्हणजे एका कुटुंबात राहून त्यांची मुले सांभाळायला निघाले, तेव्हा आठवड्याचे ३० तास काम, दीड दिवस सुट्टी, दरमहा २८० युरो हातखर्च, ही कलमे बाबांनी खतावणीसारखी तपासली. मांस शिजवावे लागेल का, हे विचारायचे मात्र राहून गेले. पहिल्याच आठवड्यात मुलांसाठी सॉसेज तळायला सांगण्यात आले. रात्रभर झोप नाही. सकाळी स्पष्ट सांगितले. घरच्या बाई रागावल्या नाहीत. "आधी का नाही कळवलेस?" एवढेच म्हणाल्या आणि ते काम त्यांनी स्वतःकडे घेतले. धाकट्या बहिणीच्या करारात ती ओळ आम्ही आधीच लिहून घेतली. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचे गणित निराळेच: जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळे, डिसेंबरात चारच्या आतच, तेव्हा मुलांना बालवाडीतून आणण्यापूर्वीच मी जेवून घेई.