मज्जासंस्था

परिभाषेवर बोलता बोलता मी एकदा वर्गात 'मज्जासंस्था' हा शब्द उच्चारला. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "सर, तिची वर्षाची वर्गणी किती?"

वर्ग हसला, मीही हसलो. पोरांचे तरी काय चुकले? आमच्या शिरूरला काय किंवा मी राहतो त्या दौंडला काय, 'संस्था' म्हटली की सोसायटी, आणि 'मज्जा' म्हटली की जत्रेतला पाळणा! मजा शब्दाला जरा जोर दिला की त्याची मज्जा होते. तेव्हा मज्जासंस्था म्हणजे चैन करणाऱ्यांचे मंडळ, हा अर्थ तसा सरळच आहे. पण त्या हसण्यात माझ्या मनात मात्र एक जुनी कळ उठली.

काही वर्षांपूर्वी अण्णा, म्हणजे माझे वडील, माळ्यावरून काही काढताना शिडीवरून पडले. पाठीला मार बसला, पाय जड झाले. डॉक्टर पाहून म्हणाले, "मज्जारज्जूवर दाब आलेला दिसतो. आजच पुण्याला न्या." ते गेल्यावर आईने मला विचारले, "अरे, तू मराठीचा प्रोफेसर ना? मज्जारज्जू म्हणजे रे काय?"

"बघून सांगतो" असे म्हणायला हवे होते. पण एम.ए. झालेल्या माणसाला ते दोन शब्द फार जड जातात. मी तत्काळ सांगितले, "मज्जा म्हणजे हाडातला मगज. हाडाचेच काहीतरी आहे."

झाले! हाडाचे दुखणे म्हटल्यावर मामा एका हाडवैद्याला घेऊन आले. लेप झाला, पट्ट्या झाल्या. हाडातला मगज भरून यावा म्हणून आई रोज नळ्या उकळून अण्णांना त्यांचे पाणी पाजू लागली. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी अण्णांना उजवा पाय मुळीच उचलेना, तेव्हा आम्ही पुणे गाठले. शस्त्रक्रिया झाली. तिथल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "चार दिवस काय करत होता?" मी खाली मान घातली. शब्दार्थ सांगत होतो, असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

मग मात्र मी कोश उघडले. मज्जा म्हणजे हाडातला मगज, हे माझे खोटे नव्हते. आयुर्वेदाच्या सात धातूंत अस्थीच्या पाठोपाठ मज्जा येते ती हीच. पण पाठीच्या कण्याच्या पोकळीतही एक मऊ, पांढुरकी दोरी असते. मोठ्या माणसात ती सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढी जाड असते. हाडाच्या पोकळीत मऊ पदार्थ दिसला, म्हणून तीही मज्जाच, असे जुन्या लोकांना वाटले. लॅटिनमधला 'मेडुला' आणि ग्रीकमधला 'मायलॉस' हे शब्द याच दोन्ही अर्थांनी चालले. फारसीत तर 'मग्ज' म्हणजे मगजही आणि मेंदूही. म्हणूनच आपण मगजमारी करतो ती हाडाशी नव्हे, डोक्याशी! वास्तविक हाडातली मज्जा रक्तपेशी तयार करते, आणि पाठीतली दोरी मेंदूचे निरोप हातापायांना पोचवते. दोघींचे नाव एक, पण नाते काही नाही.

'स्नायू'ची तऱ्हा याहून गमतीची. संस्कृतात तो सांधे बांधणारा बंध, मराठीत मांसपेशी, आणि बंगालीत चक्क मज्जातंतू! आपल्या घरांत तर रक्ताची ती शीर आणि निरोपाची तीही शीरच. 'शीर आखडली' म्हणताना नेमके काय आखडले, याची चौकशी कोण करतो?

आता शाळेच्या पुस्तकांत 'चेतासंस्था' आणि 'मेरुरज्जू' हे शब्द आहेत. पूर्वी मला ते कोरडे वाटत. आता त्यांतली सोय कळते. झुरळाचेच पाहा ना. त्याला हाडच नाही, मग मज्जा कुठली? कणा नाही, म्हणजे मेरूही नाही. त्याची निरोपाची दोरी पाठीकडून न जाता पोटाकडून जाते. तिला मज्जारज्जू म्हणणे शोभत नाही आणि मेरुरज्जूही म्हणता येत नाही. पण 'चेतारज्जू' म्हटले की झुरळाचेही समाधान होते! आणि मुख्य म्हणजे 'चेता' ऐकून कुणी नळ्या उकळायला ठेवत नाही.

अण्णा आता काठी घेऊन चालतात. उजवा पाय किंचित ओढतात. ते चार दिवस वाचले असते तर पाय पुरता सुधारला असता का, हे मी डॉक्टरांना कधी विचारले नाही. धीर झाला नाही. अण्णांनीही तो विषय कधी काढला नाही.

परवा ते वर्तमानपत्र वाचत होते. मध्येच चष्मा वर करून त्यांनी एका शब्दाचा अर्थ विचारला. उत्तर अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले आणि म्हणालो, "थांबा, बघून सांगतो."

अण्णांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालीत म्हणाले, "हं! आता झालास खरा मास्तर."