पंख्यावरची नावं आणि विजेचं बिल

यवतमाळचा एप्रिल ज्यांनी भोगलाय, त्यांना चर्चमधल्या पंख्याचं मोल वेगळं सांगायला नको. लहानपणी उपदेश लांबला की आम्ही भावंडं मान वर करून पंखे वाचायचो. हो, वाचायचोच. प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर लाल ऑइलपेंटने लिहिलेलं असे: अमक्यांच्या स्मरणार्थ, तमक्या कुटुंबाकडून. पंखा फिरत असला की अक्षरांचं नुसतं तांबडं वर्तुळ दिसे. दात्याचं नाव कळायचं तर वीज जायला हवी, आणि ती जायचीही भरपूर. बाकांच्या पाठीवर नावं, भिंतीवरच्या घड्याळावर नाव, बाजाच्या पेटीवर नाव, प्रभुभोजनाच्या ताटावरसुद्धा कोरलेलं नाव. आमचे बाबा चर्चच्या मंडळीचे खजिनदार होते. दर महिन्याला बिल आलं की ते आईला म्हणत, "पंखा देनारे लय हायेत, बिल भरनारा कोनी नाई."

बाकांवरच्या नावांची एक गंमत मला फार उशिरा कळली. ज्या फ्री मेथॉडिस्ट पंथाच्या मिशनऱ्यांनी आमच्या भागात चर्च उभी केली, त्या पंथाचा जन्मच मुळी १८६० मध्ये, न्यूयॉर्क राज्यात, ज्या भांडणांतून झाला त्यात बाकांचं एक भांडण होतं. श्रीमंतांनी भाडं भरून पुढची बाकं अडवायची आणि गरिबाने मागे उभं राहायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. बाकं सर्वांना मोकळी हवीत, असा त्यांचा हट्ट. आणि आम्ही काय केलं? मोकळ्या बाकांवर आजोबांची नावं रंगवली.

अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे या पंथाचं मिशनरी जोडपं १८८१ मध्ये मुंबईत उतरलं, बुऱ्हाणपूरकडे गेलं, आणि पुढे त्या मिशनचं काम वऱ्हाडात पसरलं. मग १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ. आमच्यातल्या कित्येक घरांची वंशावळ मिशनच्या अनाथाश्रमाच्या दारापाशी सुरू होते, त्याच्या मागचं कुणालाच ठाऊक नसतं. पुढे शाळा, उमरीचा दवाखाना, यवतमाळचं सेमिनरी. जमीन, कौलं, पाळकाचा पगार, सगळं समुद्रापलीकडून आलेलं. अमेरिकेतल्या कुण्या अनोळखी म्हातारीने आपल्या मृत्युपत्रात लिहून ठेवलेल्या डॉलरांवर आमच्या दारव्हा-पांढरकवड्याच्या पोरांनी बाराखडी गिरवली असणार. तिचं नाव कुठल्याच पंख्यावर नाही.

म्हणून आमच्या घरची माणसं देत नव्हती असं नाही. देत होती, आणि कशी! आजीच्या चुलीमागे एक पत्र्याचा डबा असे. भाकरीचं पीठ मळायला घेतलं की पहिली मूठ त्या डब्यात. तांदूळ निवडले की एक मूठ. महिन्याच्या शेवटच्या रविवारी डबा चर्चमध्ये रिकामा व्हायचा आणि ते धान्य पाळकाच्या घरी जायचं. पीठ आणि तांदूळ एकात एक कालवलेले पाळकीणबाई कसे वेगळे करत असतील, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. आता चाळणी हातात घेतली की पडतो.

वर्षातला मोठा दिवस म्हणजे कापणीचा सण. नाताळापेक्षा आम्हाला तो प्यारा, कारण त्यात लिलाव असे. सकाळी चर्चच्या पायरीपासून वेदीपर्यंत ढीग लागत: कापसाची गाठोडी, तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसं, भोपळे, पपया, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासनेत त्या मधूनच ओरडत आणि 'उपासना संगीत' या आमच्या गीतसंग्रहातलं रेव्हरंड टिळकांचं पद म्हणणाऱ्या बायकांना हसू आवरत नसे. नंतर आवारातल्या कडुलिंबाखाली बाबा टेबलावर उभे राहत. एक अंडं हातात उंच धरून, "बोला, पाच रुपये!" बाजारात ते आठ-बारा आण्यांना मिळायचं. इथे चढत चढत चाळीसवर जाई. ज्याने घेतलं तो म्हणे, "पुन्हा मंडळीला." मग तेच अंडं परत टेबलावर. एका वर्षी एका अंड्याने इतके फेरे घेतले की शेवटी ते बाबांच्या हातातच फुटलं, आणि शेवटची बोली लावणाऱ्या मास्तरांनी फुटक्या अंड्याचे पैसेही मोजून दिले. कापसाचा चुकारा मिळालेला असला की बोल्या उड्या मारत. सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात, म्हणजे १९७२ नंतर, चुकारा जेव्हा अडकायचा, तेव्हा लिलावात भोपळासुद्धा जागचा हलत नसे.

त्या पिढीच्या देण्यातली अडचण हीच होती. ते हंगामाचं देणं होतं. पीक आलं, दिलं. पाऊस गेला, हात आखडला. पाळकाच्या पोटाला मात्र हंगाम नसतो. छप्पर तर नेमकं वाईट वर्षीच गळतं. तोवर कमी पडलं की मिशनच्या कचेरीकडे बोट दाखवायची सोय होती. ती हळूहळू सरली. मिशनरी परत गेले, १९७६ मध्ये परदेशी देणग्यांवर नियमनाचा कायदा आला. १९८३ मध्ये सेमिनरी पुण्याला, बिबवेवाडीला गेलं आणि रविवारी दिसणारी परप्रांतातली तरुण पोरं दिसेनाशी झाली. आता तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातून एक रुपया घ्यायचा तर दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. आमच्यासारख्या लहान मंडळीने ते स्वप्न सोडलेलंच बरं.

आमच्या घरात याचा विचार आधीच केला होता तो फक्त मोठ्या आत्याने. आत्या नर्स, अविवाहित, बोलायला फटकळ. निवृत्त झाली तेव्हा बाबांना म्हणाली, "मले पंखा-बिंखा नाई देना." तिने पाच हजार रुपये मंडळीच्या नावे मुदत ठेवीत टाकले आणि सोबत एक चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी कमिटीच्या फायलीत अजून आहे. निळ्या शाईची, दवाखान्याच्या केसपेपराच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. मूळ रक्कम कधी मोडायची नाही. व्याजातून रविवार शाळेच्या मुलांची पुस्तकं घ्यायची. कमिटी बदलली तरी ही अट बदलायची नाही. खाली सही, आणि सहीखाली नर्स म्हणून नोंदणी क्रमांक, जणू औषधच लिहून देत होती.

तेव्हा ठेवीला दहा टक्क्यांच्या आसपास व्याज होतं. वर्षाचे पाचशे रुपये म्हणजे साऱ्या रविवार शाळेची पुस्तकं, वर नाताळला पोरांना बुंदी. आज सात टक्के धरा: पाच हजारांवर साडेतीनशे. एक दप्तर येत नाही. म्हणजे आत्याची अट अक्षरशः पाळली असती तर तिचा निधी जिवंत राहूनही मेला असता. वाचला तो बाबांमुळे. त्यांनी पहिल्या वर्षापासून व्याजातला चौथा हिस्सा परत मूळ रकमेत टाकायचा ठराव करून घेतला. त्यावर कमिटीत गरमागरमी झाली. पोरांच्या तोंडचा घास काढता, असंही एकजण बोलला. आज ती ठेव साडेअकरा हजारांच्या वर आहे. माझ्या मते चौथा हिस्सा कमीच पडला. अर्धं व्याज परत टाकलं असतं तर आकडा पंचवीस हजारांपुढे गेला असता. पण त्या काळी शिक्षकाच्या पगारात घर चालवणाऱ्या माणसाला महागाईची एवढी समज होती, हेच मला विशेष वाटतं.

बाकीच्यांनी आत्याचा कित्ता का गिरवला नाही? मरणाचं बोलणं अशुभ, हे एक. क्रूसाखाली वाढलेल्या आम्हा लोकांनाही मृत्युपत्राचा विषय काढला की घरात कुणीतरी "काऊन असं बोलता?" म्हणून रडायला लागतं. दुसरं म्हणजे कमिटीवरचा अविश्वास, आणि तो अगदीच निराधार होता असं म्हणवत नाही. तिसरं कारण कायद्याचं, आणि ते फारच थोड्यांना माहीत होतं.

आईच्या वडिलांनी शेवटच्या आजारात सांगितलं होतं की कोपऱ्यातला प्लॉट मंडळीला द्या. वकील घरी आले, खाटेशेजारी बसले आणि नकारार्थी मान हलवून गेले. भारतीय वारसा कायदा, १९२५. त्याच्या कलम ११८ प्रमाणे ज्या ख्रिस्ती माणसाला पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचं रक्ताचं कुणी आहे, त्याला धर्मादाय कामासाठी मालमत्ता ठेवायची तर मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेलं हवं, आणि केल्यापासून सहा महिन्यांत ते सरकारी निबंधकाकडे जमा केलेलं हवं. मरणाची तारीख आधी कळवणारा निबंधक काही आमच्या जिल्ह्यात नव्हता. मरायला टेकलेल्याकडून धर्मगुरूंनी जमिनी लिहून घेऊ नयेत, या जुन्या इंग्रजी धास्तीतून आलेलं हे बंधन. हिंदूंना ते लागू नव्हतं, आम्हाला होतं. केरळातले एक धर्मगुरू, फादर जॉन वल्लामट्टम, याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २००३ मध्ये न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तोवर आजोबांच्या प्लॉटवर मामांची दोन घरं उभी राहिली होती. मामांचा त्यात दोष नाही.

आता रस्ता मोकळा आहे, तरी आमच्या पिढीत गैरसमज कमी नाहीत. पुष्कळांना वाटतं की बँकेत नॉमिनी म्हणून नाव लावलं की झालं. नॉमिनी हा मालक नव्हे, वारसांच्या वतीने सांभाळणारा. 'कालनिर्णय'च्या जयंत साळगावकरांच्या इस्टेटीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार मात्र लागतात. आणि आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बाबतीत, ज्याला त्यातून काही मिळायचंय त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्ष केली, तर त्याचा वाटा बाद. शेतजमीन द्यायची म्हणाल तर शेतकरी नसलेल्याच्या नावे ती करायला कायदा आडवा येतो, तेव्हा विकून पैसा देणं सोपं. आणि नुसत्या उपासनेच्या कामाला दिलेल्या पैशावर आयकरात सूट मिळेल, या भरवशावर तर कुणी राहूच नये. हे सगळं पुण्या-नागपूरला स्थायिक झालेल्या आमच्या भावंडांना मी फोनवर सांगते. जुनी घरं विकायला ते गावी येतात, तेव्हा कब्रस्तानात आईबापांवर संगमरवर बसवून जातात. संगमरवराला माझी ना नाही. पण त्यातला चौथा हिस्सा ठेवीत टाकला तर पाळकांच्या पगाराचा एखादा महिना तरी कायमचा सुटेल, हे मी त्यांच्या तोंडावर बोलते आणि आत्यासारखीच फटकळ ठरते.

चार-दोघांनी ऐकलंही. एका चुलतभावाने निवृत्तीच्या पैशातून ठेव केली, नाव स्वतःचं न देता आजीच्या मुठीचं दिलं. एका वहिनींनी मृत्युपत्रात घराच्या किमतीचा दहावा भाग लिहिला आणि मुलांना समोर बसवून वाचून दाखवला. थोरला दोन महिने बोलत नव्हता, मग बोलायला लागला. वाचून दाखवलं हे उत्तम केलं. मेल्यावर फुटलेल्या मृत्युपत्राने मंडळीला पैसा मिळतो आणि एक कुटुंब कायमचं तुटतं.

मागच्या पावसाळ्यात वेदीवरचं छप्पर गळायला लागलं आणि कमिटीत पहिला विषय निघाला तो ठेवी मोडण्याचा. देवाचं घर गळतंय आणि तुम्ही बँकेत पैसे दाबून बसलात, असा सूर होता, आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही. आत्याची चिठ्ठी वाचून दाखवली गेली. शेवटी वकिलाला विचारून असं ठरलं की आत्याच्या ठेवीला हात लावायचा नाही. नव्या ठेवींतून, देणाऱ्यांची लेखी संमती घेऊन, छपरापुरती रक्कम उचलायची आणि मंडळीने ती तीन हप्त्यांत परत भरायची. विरोध करणाऱ्या दोघांच्या सह्याही ठरावावर घेतल्या. दोन हप्ते भरले गेलेत. तिसऱ्याची पावती फाडायची राहिलीय. कापूस घरातच पडून आहे आणि भाव काही चढत नाही.