आठ कळ्या

चैत्र शुद्ध अष्टमीला पंचांगात दोनच शब्द असतात : अशोककलिका प्राशन. रामनवमीच्या आदल्या दिवशी अशोकाच्या आठ कळ्या पाण्यातून घ्याव्यात, शोक जवळ येत नाही, अशी श्रद्धा. पण जालन्यात या कळ्या आणायच्या कुठून? कचेऱ्यांच्या कुंपणाला सरळसोट उभा असतो तो आसूपालव. सीतेला सावली देणारा अशोक तो नव्हे.

तो सीताअशोक आमच्या परसात आहे. आईनं लावलेला, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला. हे झाड मुळात सह्याद्रीच्या ओढ्याकाठचं, गर्द सावलीतलं. आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चैत्रातच विहिरींचा तळ दिसतो. २०१३च्या दुष्काळात टँकरचं पाणी घागरीनं मोजून घ्यायचो, तेव्हाही तांदूळ धुतलेलं पाणी आई रोज याच्या आळ्यात ओतायची. आमच्या घरची पहिली पूजा तीच.

चिंचेच्या गोतातलं हे झाड. कोवळी तांबूस पानं झुबक्यांनी लोंबतात आणि फुलं थेट जून फांदीच्या सालीतून फुटतात. गुच्छ जवळून पाहावा. याला पाकळ्याच नाहीत. चार रंगीत दलं आणि त्यांतून झेपावलेले सातएक लांब केसर. उमलताना फूल पिवळं-केशरी, मग दिवसागणिक लाल होत जातं. एकाच गुच्छात सगळ्या छटा नांदतात. रात्री परसदार मंद वासानं भरून जातं.

याची साल बायकांच्या दुखण्यावरचं औषध. अशोकारिष्टासाठी रानोमाळची झाडं सोलली गेली, आणि सगळीकडून सोललेलं झाड उभ्या उभ्या वाळतं. १९९८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी झाली.

अष्टमीला पहाटे आंघोळ करून आम्ही झाडापाशी जातो. दुसऱ्या दिवशी घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थला रामजन्म असतो. १६०८च्या रामनवमीला समर्थ रामदास याच गावी जन्मले. त्या ओढीनं हात जोडले जातात. मग माणशी आठच कळ्या खुडायच्या. उरलेल्या गुच्छाला हात लावायचा नाही, त्याच्या शेंगा व्हायच्या असतात. पावसाळ्यात चपट्या बिया पडतात, ओल्या मातीत रुजतात, आणि एकेक रोप कुणाच्या तरी न्हाणीमागे राहायला जातं.